बिनवासराची गाय

१

नाही मामापेक्षा काणा मामा बरा, असं आपण म्हणतो ना, तसंच सुवर्णानं त्या दिवशी केलं. त्यात तिचं काय चुकलं ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर मी तिला एका शब्दानं दोष देणार नाही.

वसुबारसेचा दिवस. नाशिकच्या फुलबाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मखमलाबादच्या मळ्यातून दीर झेंडू आणि शेवंती टेम्पोत भरून पाठवायचा, आणि गाळ्यावर उभं राहून ती विकायचं काम सुवर्णाचं. सकाळपासून बाई उभीच होती, तीही उपाशीपोटी. वसुबारसेचा उपास लेकराबाळांसाठी धरतात. सुवर्णाला लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचे टोमणे झाले आणि मग सृष्टी झाली. आता ती बालवाडीत जात होती. तिच्यासाठी सुवर्णानं एक दिवस काय, महिनाभर उपास काढला असता.

म्हसरूळला त्यांच्या बिल्डिंगजवळच्या चौकात दरवर्षी एक बाई गाय-वासरू घेऊन बसायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायका तिथंच पूजा करायच्या, चाऱ्याची पेंढी घालायच्या आणि घरी जायच्या. मळ्यात आता गाय कुठली? तिथं ट्रॅक्टर आला, पॉलिहाऊस आलं, गोठ्यात खताच्या गोण्या आल्या. म्हणून सुवर्णाचीही पूजा चौकातच व्हायची. पण त्या दिवशी गिऱ्हाईक काही सरेना, आणि ती चौकात पोचली तेव्हा तुडवलेला चारा आणि ओलं शेण एवढंच मागं उरलं होतं. बाई गाय घेऊन निघून गेली होती.

"आता कुठं शोधू गं बाई गाय?" ती स्वतःशीच म्हणाली. दिवेलागण झालेली. पूजा केल्याशिवाय उपास सुटत नाही.

घरात शिरली आणि तिची नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली.

हे चित्र शेखरनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पावसाळ्यात आणलं होतं. शेखर ओझरच्या कारखान्यात नोकरीला. तिथले एक साहेब निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी चालले होते. त्यांनी घर रिकामं करताना ते शेखरला देऊन टाकलं. "लिथोग्राफ आहे, लिथोग्राफ! दगडावर काढून त्यावरून छापतात," असं शेखर आल्यागेल्याला सांगायचा, जणू दगड त्यानंच वाहून आणला होता. ग्रीस देशातल्या फार जुन्या प्रेमकथेवरून कुणीतरी ते काढलेलं. उघड्यावर टाकून दिलेली दोन तान्ही लेकरं, मुलाला शेळीनं पाजलं, मुलीला मेंढीनं, आणि मोठी होऊन ती एकमेकांच्या प्रेमात पडली, एवढी गोष्ट साहेबांनी सांगितली होती.

चित्र मात्र बघत राहावं असं. जांभळं आभाळ, त्यात चंद्र आणि सूर्य दोघंही एकाच वेळी. लाल शेळी झाडाच्या शेंड्याला उभी, हिरवी मेंढी अर्धी हवेत. खाली गवतात पोरगा आणि पोरगी झोपलेली. आणि डाव्या बाजूला, सगळ्यांपेक्षा मोठी, एक निळी गाय. मान वर करून चंद्राकडे बघणारी.

तिच्या पायाशी तपकिरी वासरू बसलं होतं. सुवर्णानं ते नीट बघितलं. समईच्या उजेडात तिला पाय दुमडून बसलेलं वासरू स्पष्ट दिसलं.

मग काय, तिनं दिवाणावर चढून गायीला हळद-कुंकू वाहिलं, तिच्या पायांवर चार थेंब पाणी सोडलं, वासराच्या कपाळाला बोट टेकवलं. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी चित्राखाली ठेवली. सृष्टीला शेजारी हात जोडून उभं केलं.

"आई, ही गाय खोटी आहे ना?" सृष्टीनं विचारलं.

"देवाचं कधी खोटं नसतं. नमस्कार कर," सुवर्णा म्हणाली, आणि डोळे मिटून तिनं मागणं मागितलं. तुझं वासरू तुझ्यापाशी राहो, माझं माझ्यापाशी.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओलं फडकं घेऊन काच पुसायला चढली. हळद ओघळून फ्रेमवर आली होती. गायीच्या पायांवरचं कुंकू तिनं पुसलं. मग वासराच्या कपाळावरचं पुसलं, आणि फडकं तिथंच थांबलं.

कुंकवाच्या खाली वासरू नव्हतं. तिथं गवत होतं. तपकिरी, वाळलेल्या गवताचा एक पुंजका, त्यात एक धोंडा. लांबून, जवळून, मान तिरकी करून, कसंही बघितलं तरी गवत आणि धोंडाच.

सुवर्णा खाली उतरली. दिवसभर उपाशी होते, समईचा उजेड होता, डोळ्यांवर अंधारी आली असेल, तिनं स्वतःला समजावलं. आणि खरंच, त्यात न पटण्यासारखं काय आहे? भुकेल्या माणसाला धोंड्यात भाकरी दिसते. तिला वासरू हवं होतं, वासरू दिसलं.

दिवाळीचे दिवस म्हणून सासूबाई, कुसाबाई, मळ्यातून राहायला आल्या. सुवर्णा गाळ्यावर असताना सृष्टीजवळ कुणीतरी हवं होतं. चहा पिता पिता सुवर्णानं हसत हसत त्यांना कालची गंमत सांगितली. कुसाबाई हसल्या नाहीत. बशी खाली ठेवून त्यांनी चित्राकडे बघितलं.

"वासराबिगर गाय पुजली तू?"

"अहो आत्याबाई, चित्रच आहे ते. मला वासरू दिसलं म्हणून तर केली."

"चित्र आसंल नायतर दगड आसंल. वसुबारसेला एकली गाय कोणी पुजत नाय. तिच्याम्होरं लेकराचं नाव काढायचं, आन् तिच्यापाशी लेकरू नाय." त्यांनी पदर सावरला. "जिचं दावणीला नाय तिला आठवण कशाला करून द्यायची गं?"

"मग आता काय करू?"

"काय करशील आता? झालं ते झालं," कुसाबाई म्हणाल्या आणि चहा तसाच टाकून देवापुढं जाऊन बसल्या.

सुवर्णाला थोडा रागच आला. म्हाताऱ्या माणसांना काही सांगायची सोय नाही, असं म्हणत ती गाळ्यावर निघून गेली.

३

बालवाडीला सुट्टी होती. सृष्टी दुपारी हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, बरोबर चित्राखाली. भाऊबीज झाली, बाजार थोडा उतरला, आणि सुवर्णा लवकर घरी यायला लागली. तेव्हा तिच्या ते लक्षात आलं.

सृष्टीचे केस ओले असायचे.

सगळे नाहीत. मागचे, मानेवरचे. पहिल्यांदा तिला वाटलं घाम असेल. पण पंखा चालू होता, आणि नाशिकची हवा आता गार पडली होती. मग वाटलं, अभ्यंगाचं तेल असेल. पण तेल असं लागत नाही. केस मानेपासून टाळूकडे, खालून वर, एका बाजूनं चापून बसलेले. कुठलीही आई लेकराचे केस असे विंचरत नाही.

"आत्याबाई, हिचं डोकं कुणी पुसलं का?"

"म्या नाय पुसलं. झोपली व्हती ना ती."

सुवर्णानं लेकीच्या डोक्याला नाक लावलं. लेकराच्या डोक्याचा वास आईला पाठ असतो. साबण, खोबरेल, उन्हात खेळल्याचा आंबूस घाम. त्या सगळ्याच्या वर आज दुसरंच काही होतं. कोमट आणि गवताचं. धार काढताना गोठ्यात वास येतो तसं.

"दूध पी," संध्याकाळी तिनं पेला पुढं केला.

"नको. पोट भरलंय."

"कशानं भरलंय? दुपारी तर वरणभात तसाच टाकलास."

सृष्टी नुसती हसली आणि तिनं बाहीनं तोंड पुसलं.

शेजारच्या फ्लॅटमधली मोहिनी जिन्यात भेटली. नुकतीच बाळंतीण झालेली, हातात लंगोटांची बादली. "वहिनी, दुपारी मोबाइलवर काय लावता हो तुम्ही? आमचा पलंग तुमच्या हॉलच्या भिंतीला लागून आहे ना. घशातल्या घशात कुणीतरी बोलावतंय असा आवाज येतो. ह्म्म, ह्म्म, असा."

"त्रास होतो का गं?"

"छे हो! माझं बाळ त्या आवाजानं गप झोपतं. रोज लावत जा," मोहिनी म्हणाली.

सुवर्णानं घरी येऊन सासूला विचारलं. कुसाबाईंना कानानं कमी ऐकू यायचं. त्यांना काही आवाज आला नव्हता.

४

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. सृष्टी सासूच्या पुढ्यात. कुसाबाई मध्येच हात थांबवून नातीच्या मानेकडे बघत राहिल्या.

"काय झालं?"

"काय नाय. आमची कपिला आठवली." त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. "तिचं वासरू मेलं व्हतं. आन् तिकडं देवळ्याच्या पाव्हण्याची गाय मेली, तिचं वासरू जितं. माझ्या सासऱ्यानं ते आणलं. पण कपिला जवळ येऊ देईना. शिंगं उगारायची. मंग सासऱ्यानं वासराच्या पाठीला मीठ चोळलं."

"मीठ कशाला?"

"गायीला मिठाची लय आवड. आधी हुंगलं, मंग एकदा जीभ लावली, मंग चाटतच बसली. एकदा चाटलं का तिचं झालं बघ. मंग त्या वासराला दुसरं कोणी हात लावून दाखवावा."

सुवर्णाच्या हातातली काडी तशीच राहिली. लेकरू झोपलं की त्याच्या मानेला घाम येतोच. घाम खारट असतो. कुठलीही आई सांगेल.

"आत्याबाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला? मला कुठं काय म्हणायचंय!" कुसाबाई दचकून म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी नुसती जुनी गोष्ट सांगितली होती. पण मेथी निवडून झाली तरी दोघी रिकाम्या काड्या चाळवत बसल्या.

५

"तुमचं ते चित्र काढा," त्या रात्री जेवताना सुवर्णानं सांगितलं.

"का? एवढं भारी चित्र! अगं, लिथोग्राफ..."

"चुलीत घाला तुमचा लिथोग्राफ! ती गाय खाली बघते."

शेखरनं ताटावरून उठून चित्राकडे पाहिलं. गाय मान वाकवून खाली बघत होती. दिवाणाकडे. "ती खालीच बघते आहे पहिल्यापासून," तो म्हणाला.

"पहिल्यापासून चंद्राकडे बघत होती. मी रोज पुसते, मला ठाऊक नाही?"

"बरं, थांब. पावसाळ्यात लावलं तेव्हा फोटो काढलेला." त्यानं मोबाइल काढला, बोटानं सरकवत सरकवत तो फोटो शोधला. फोटोत शेखर चित्राशेजारी छाती काढून उभा होता, आणि मागं निळी गाय मान वाकवून खाली बघत होती. "बघ. आता बोल."

फोटो तर खोटं सांगत नाही. तिनं फोन हातात घेऊन तो मोठा करून बघितला. आपलंच डोकं फिरलं की काय, असं तिला वाटलं आणि त्या विचारानं थोडं बरंही वाटलं. डोकं फिरलं तर डॉक्टर आहेत. दुसरं काही असेल तर कुणाकडे जायचं?

"उपास, दगदग, जागरणं," शेखर समजुतीनं म्हणाला. "चार दिवस गाळ्यावर जाऊ नकोस. आराम कर."

"सृष्टीला तिथं झोपवायचं नाही, एवढं ऐका."

"नाही झोपवत. झालं?"

दुसऱ्या दिवसापासून सृष्टी आतल्या खोलीत झोपायला लागली. पण ती झोपेतून उठून कधी हॉलमध्ये जायची, कुसाबाईंना कळायचंच नाही. उठवायला जावं तर पोरगी दिवाणावर, पाय पोटाशी दुमडून, मान पुढं टाकून निजलेली.

६

तो मंगळवार होता. सुवर्णा दोडक्याच्या रोपांसाठी मळ्यात गेली होती, आणि का कोण जाणे, तिनं हातातली रोपं तशीच बांधावर ठेवली. दिराला "मी येते," एवढंच म्हणून ती गाडीला किक मारून निघाली. मखमलाबादहून म्हसरूळ काही लांब नाही. भर दुपार. जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. असल्या दुपारी काही वाईट घडतं का कधी?

दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्हीवर कार्टून चालू, आवाज बंद. कुसाबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या.

हॉलमधून आवाज येत होता. आधी तिला वाटलं कुणी लाकूड घासतंय. खर्र, खर्र, सावकाश, मध्ये दम घेत.

सृष्टी दिवाणावर गुडघ्यांवर बसली होती. पाठ चित्राकडे, मान खाली, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख की सुवर्णाला लेक क्षणभर ओळखू आली नाही. तिच्या मानेवरचे केस वर जात होते. वर गेले, थांबले, पुन्हा वर गेले. खर्र. खिडक्या बंद होत्या. चित्राची काच आतल्या बाजूनं वाफेनं धुरकटली होती, आणि फ्रेमच्या खालच्या कडेवरून काहीतरी निळं, रुंद, ओलं...

पुढं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी सांगितलं असतं. ती किंचाळली, एवढंच तिला आठवतं, आणि लेकीचा दंड धरून तिनं तिला असं ओढलं की दोघी फरशीवर पडल्या.

"सोड! सोड मला!" सृष्टी रडायला लागली. तिची मान लालभडक झाली होती, खरवडल्यासारखी.

कुसाबाई धावत आल्या. त्यांनी पोरीची मान बघितली, चित्राकडे बघितलं, आणि खुंटीवरची चादर ओढून चित्रावर टाकली.

संध्याकाळी शेखर आला. त्यानं ती मान बघितली. चित्र चादरीत गुंडाळून त्यानं गाडीत घातलं आणि शालिमार चौकाजवळ जुन्या फ्रेमा घेणाऱ्या एका माणसाला फुकट देऊन आला. त्या माणसानं चादर तेवढी परत दिली. चित्र फार छान आहे, कुठल्यातरी बाळंतिणीच्या दवाखान्यात लावायला देतो, असं तो म्हणाल्याचं शेखरनं खूप दिवसांनी सांगितलं.

७

मग सगळं सुरळीत झालं. हो, अगदी खरं सांगतो.

सृष्टी आतल्या खोलीत झोपायला लागली, ती तिथंच उठायची. केस कोरडे. दूध प्यायला पुन्हा कटकट करायला लागली, पण प्यायची. मोहिनीचं बाळ मात्र दुपारी किरकिरायला लागलं. कुसाबाईंनी नातीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, डोक्यावर धुरी दिली, मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मानेची लाली उतरली. बालवाडी सुरू झाली.

सुवर्णानं त्या दिवसांत गाळ्याकडे ढुंकून बघितलं नाही. गेलं ते परत मिळालं म्हणून ती देवाचे आभार मानत होती. लेकीला सोडायला स्वतः, आणायलाही स्वतः. पण वाटेत ती तिचा हात धरायची नाही, दप्तराचा पट्टा धरायची. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. कुसाबाईंच्या आलं होतं.

शुक्रवारी बालवाडीतून आल्यावर सृष्टी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पळत आली. तिनं आज पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि बाईंनी तिच्या हातावर शाईचं फूल छापलं होतं. "आई, हे बघ!" म्हणून तिनं सुवर्णाच्या कमरेला मिठी मारली.

"अगं माझी बाय ती!" सुवर्णा वाकली. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि मुका घेण्यासाठी तिच्या डोक्यावर नाक टेकवलं.

गोठ्याचा वास नव्हता तसा काही. शिकेकाईचा होता. पण त्याच्या खाली जो असायला हवा, तो नव्हता. तिथं कुणा परक्याचं लेकरू होतं. दुसऱ्या कुणाचं तरी, पोटभर प्यायलेलं, कुणीतरी मायेनं लख्ख केलेलं. हे माझंच आहे, सुवर्णा स्वतःला सांगत होती, हा गालावरचा तीळ माझा, हे वाकडं नख माझं. ती हे सगळं सांगत असतानाच तिच्या हातांनी सृष्टीला ढकललं.

जोरात ढकललं. पोरगी ओट्यावर आपटली, खाली बसली.

"आई?" सृष्टी म्हणाली. रडली नाही. तिनं पुन्हा हात पुढं केले.

सुवर्णा मागं सरकली. फ्रिजला पाठ लागेपर्यंत सरकली. "आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली, "हिला न्या. हिला माझ्यापासून लांब न्या."

दारात कुसाबाई उभ्या होत्या. परक्या वासाच्या वासराला गाय कशी ढकलते ते त्यांनी कितीदा बघितलं होतं. गुरांच्या दावणीपाशी आयुष्य काढलेली बाई, तिला काय विचारायचं असणार? त्यांनी नातीला उचललं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला घेऊन त्या हॉलमध्ये गेल्या. तिथून सृष्टीचा आवाज येत राहिला, "आईकडे जायचंय, मला आईकडे जायचंय." कुठल्या आईकडे, ते काही ती सांगत नव्हती.

सुवर्णानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. हे सांगताना माझीच जीभ अडते, पण आवाज थोडा कमी झाला तेव्हा तिला हायसं वाटलं. तिनं गॅसवर चहा ठेवला.